बिगफूटचा 'एक्स्पर्ट' आणि आमचे साडेतीन हजार डॉलर

पोर्टलंड-सिअ‍ॅटल पट्ट्यात राहणाऱ्या आणि जरा सुट्टी मिळाली की तंबू घेऊन जंगल गाठणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. बिगफूट म्हणजे इथल्या जंगलांत राहतो असं म्हणतात तो दोन पायांवर चालणारा, केसाळ, अवाढव्य वानर. स्वतःला त्याचा एक्स्पर्ट म्हणवणाऱ्या एका माणसाने गेल्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या भावाकडून, मंदारकडून, साडेतीन हजार डॉलरच्या आसपास उकळले. वर पोराची झोप उडवून ठेवली ती वेगळीच. त्या माणसाचं नाव इथे देत नाही. पण तीच पद्धत घेऊन फिरणारे इकडे बरेच आहेत, म्हणून पद्धत नीट सांगतो.

आधी घडलं काय ते. सप्टेंबरात मंदार आणि त्याच्या ऑफिसातला एक मित्र गिफर्ड पिंचॉट नॅशनल फॉरेस्टमध्ये गेले होते. वॉशिंग्टन राज्याचं दक्षिण टोक, स्कामेनिया काउंटी. हकलबेरीचा हंगाम संपत आलेला, तंबूच्या आजूबाजूला झुडपंच झुडपं. संध्याकाळी दोघांनी खिचडी केली, वर तुपाची धार, आणि पातेलं-डबे तसेच बाकावर ठेवून झोपले. मध्यरात्री फुसफुस आवाज, लाकडावर काहीतरी आपटल्यासारखं, आणि कुजकट ओला वास. मंदारने डोक्याला दिवा लावून चेन उघडली, तर पंधरा-वीस पावलांवर झाडाशी काहीतरी काळं उभं. डोळे चमकले. दोघं तंबू, पातेलं, बूट सगळं टाकून गाडीत बसले आणि सुटले.

पेट्रोल पंपावर रेंज आल्यावर त्याने मला व्हॉइस मेसेज टाकला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. "दादा, काहीतरी उभं होतं रे झाडापाशी. काळं. अस्वल-बिस्वल असेल, पण दोन पायांवर होतं. आम्ही निघालोय." एवढंच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी मित्र उजेडात जाऊन सामान घेऊन आला. येताना चिखलातल्या एका लांबलचक पावलाचा फोटो आणि झाडाच्या सालीत अडकलेले चार केसही आणले. मंदार मात्र बदलला. रात्री कचरा टाकायला बाहेर जाईना. डिशवॉशर खडखडला तरी दचकायचा. त्यात दिवाळीच्या कार्यक्रमात लोकांनी त्याची यथेच्छ फिरकी घेतली. "काय रे, पाहुणा परत आला का?" वगैरे. ही थट्टा मला तेव्हाही आवडली नव्हती, आता तर राग येतो. कारण घाबरलेल्या माणसाचं ऐकून घ्यायला जवळचं कुणी तयार नसलं की तो पैसे घेऊन ऐकणाऱ्याकडेच जाणार. या एक्स्पर्टने पहिल्या फोनवर दीड तास ऐकून घेतलं. फुकट. एकदाही हसला नाही.

पण प्रश्न कसे विचारले बघा. 'काय दिसलं?' असं नाही. 'वास उग्र होता ना? खांदे रुंद होते ना? मान जवळजवळ नव्हतीच ना?' मंदार प्रत्येक वेळी 'हो, बहुतेक' म्हणत गेला आणि पलीकडचा प्रत्येक 'बहुतेक' पक्का करून लिहून घेत गेला. शेवटी निदान झालं: पूर्ण वाढलेला नर, उंची साडेआठ फूट. आणि हळूच पुडी सोडली की असे नर कधी कधी माणसाच्या मागावर घरापर्यंत येतात.

आई चिपळूणहून व्हिडिओ कॉलवर हे ऐकत होती. ती पटकन म्हणाली, "अरे, हा तर आपल्याकडचा भगतच झाला की! आधी बाहेरचं लागलंय म्हणायचं, मग उतारा विकायचा." महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा तरी आहे, भोंदूबाबाची तक्रार करता येते. इथे 'बिगफूट मागावर आहे' असं सांगणं हा गुन्हा नाही.

त्या एक्स्पर्टच्या घरी गेलो तेव्हा भिंतीभर प्लास्टरचे पाय टांगलेले, शेजारी फ्रेममध्ये 'सर्टिफाइड इन्व्हेस्टिगेटर' असं प्रमाणपत्र. खाली सही कुणाची, तर त्याचीच, स्वतःच्या संस्थेचा संचालक म्हणून. खरं तर बिगफूट एक्स्पर्ट व्हायला काय लागतं? काहीच नाही. त्याची पदवी नाही, परीक्षा नाही, लायसन नाही. या विषयात पडलेले खरे प्राध्यापक होऊन गेले: वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचे ग्रोव्हर क्रान्ट्झ, आयडाहो स्टेटचे जेफ मेल्ड्रम. पण त्यांचा अधिकार मानववंशशास्त्राचा आणि शरीररचनेचा. बिगफूट आहे हे त्यांनाही विज्ञानजगताला पटवून देता आलं नाही. बाकी सगळे टोपी घालून टोपी घालणारे.

भिंतीवरच्या पायांचं म्हणाल तर १९५८ साली उत्तर कॅलिफोर्नियात ब्लफ क्रीकला रस्त्याचं काम चालू असताना जेरी क्रू नावाच्या बुलडोझर चालकाला सोळा इंची पावलं दिसली. पावलाचा प्लास्टरचा ठसा हातात धरलेला त्याचा फोटो पेपरात आला आणि 'बिगफूट' हे नाव तिथून देशभर गेलं. त्या कामाचा कंत्राटदार रे वॉलेस २००२ मध्ये वारला. त्यानंतर घरच्यांनी लाकडात कोरलेली मोठाली पावलं काढून दाखवली: बाबांनीच गंमत केली होती. तरी धंदा थांबला नाही. २००८ मध्ये जॉर्जियातल्या दोघांनी फ्रीझरमध्ये बिगफूटचं प्रेत आहे म्हणून थेट पत्रकार परिषद घेतली. बर्फ वितळल्यावर आतून रबराचा पोशाख निघाला. त्यातलाच एक, रिक डायर, काही वर्षांनी दुसरं प्रेत घेऊन तिकीट लावून गावोगाव फिरला आणि २०१४ मध्ये तेही खोटं असल्याचं त्याने स्वतःच कबूल केलं. दुसऱ्यांदाही लोक पैसे देऊन बघायला गेले, याचं मला जास्त नवल वाटतं.

आमचा माणूस असलं काही सांगणार नाही हे उघड आहे. तो दोन कागद दाखवायचा. एक, स्कामेनिया काउंटीचा १९६९ चा ठराव: बिगफूट मारल्यास दहा हजार डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ठराव खरा आहे. पण बंदुका घेऊन जंगलात शिरणारे हौशे एकमेकांनाच गोळ्या घालतील ही त्यामागची खरी काळजी, आणि मंजूर झाला तो १ एप्रिलला. दुसरा कागद म्हणजे एफबीआयच्या फाइलचं पहिलं पान. तीही खरी, २०१९ मध्ये खुली झाली. सत्तरच्या दशकात पीटर बर्न नावाच्या शोधकाने पाठवलेले केस एफबीआयने तपासले होते. निष्कर्ष: हरणाच्या कुळातल्या प्राण्याचे केस. हे पान मात्र त्याच्या फोल्डरमध्ये नव्हतं. अर्धा कागद खरा असला की उरलेलं आपोआप खरं वाटतं, आणि तो सगळा वेळ यावरच खेळत होता.

आता पैशांचं. आधी 'जागेची तपासणी'. मग मित्राने आणलेल्या केसांची डीएनए चाचणी, बाराशे डॉलर. मग 'संमोहन सत्रं', म्हणे विसरलेले तपशील परत येतात. मग 'भीतीला सामोरं जाण्यासाठी' एक रात्र जंगलात. आणि एका कागदावर सही, की याबद्दल फॉरेस्टवाल्यांशी किंवा वर्तमानपत्रांशी बोलायचं नाही, 'कारण सरकार हे दाबून टाकतं'. डीएनएचे पैसे तेवढे कार्डने दिले होते. पुढच्या सगळ्यासाठी त्याने बँकेतून थेट ट्रान्सफर मागितला, कार्ड चालणार नाही म्हणाला.

सगळ्यात वाईट ती संमोहन सत्रं. संमोहनाने आठवण अचूक होत नाही, फक्त माणसाची खात्री वाढते. हे मानसशास्त्रात केव्हाच सिद्ध झालंय आणि अमेरिकेतल्या बऱ्याच कोर्टांत अशा साक्षी म्हणूनच चालत नाहीत. मंदारच्या काळ्या आकृतीला आधी खांदे आले, मग चेहरा आला, मग ती त्याच्याकडे बघून 'हसली'. डिसेंबरपर्यंत तो साडेआठ फुटी नराचं वर्णन डोळ्यांसमोर असल्यासारखं करायचा आणि रात्री ओरडत उठायचा. प्राजक्ताने, त्याच्या बायकोने, मला फोन केला तेव्हा ती रडत होती. मी मंदारला त्याचाच तो पहिला मेसेज लावून दाखवला. दोनदा ऐकला. "मी अस्वल म्हणालो होतो?" त्याला आठवतही नव्हतं.

जंगलातल्या रात्री मीही बरोबर गेलो. एक्स्पर्टने दांडक्याने झाडावर दोन ठोके दिले. पलीकडच्या उतारावरून दोन ठोके परत आले. मंदारने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ दिसत होते. सकाळी एक्स्पर्टचा मदतनीस गाडीतून आळस देत उतरला. म्हणे थंडी होती म्हणून नऊलाच झोपलो. त्याची पँट गुडघ्यापर्यंत चिंब, आणि बुटांच्या लेसमध्ये नेच्याची ताजी पानं अडकलेली.

डीएनएचा रिपोर्ट एक पानी आला. 'अज्ञात प्रायमेट, मानवाशी साम्य.' प्रायमेट म्हणजे माकडं, वानरं आणि माणूस ज्यात येतात तो गट. कुठला जनुकीय भाग वाचला, नमुना कुणाकडून कुणाकडे गेला, काही नाही. लॅबचा पत्ता शोधला तर ते भाड्याने टपालपेट्या देणारं दुकान निघालं. आणि मानवाशी साम्य दिसणारच, केस उघड्या हाताने उचलून पाकिटात घातले होते. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी जगभरातून यती-बिगफूटचे म्हणून आलेले केस तपासून २०१४ मध्ये निकाल छापले, त्यात अमेरिकेतले केस अस्वल, लांडगा किंवा कुत्रा, गाय, घोडा, साळिंदर, रॅकून, माणूस अशांचे निघाले. खरी तपासणी अशी असते. ती प्राण्याचं नाव सांगते.

मग ती सही झुगारून मी फोटो घेऊन फॉरेस्टच्या ऑफिसात गेलो. तिथल्या वन्यजीववाल्या बाईंनी मिनिटभर बघितला आणि म्हणाल्या, अंगठा कुठल्या बाजूला आहे बघा. माणसाचं सगळ्यात मोठं बोट आतल्या बाजूला असतं, अस्वलाचं बाहेरच्या. फोटोत ते बाहेरच होतं. चालताना अस्वलाचा मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडतो, त्यामुळे दोन मिळून एक लांब पाऊल दिसतं. वास घ्यायला, नीट बघायला काळं अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं. घाबरलं की फुसफुसतं, जबडा वाजवतं. थंडीआधीच्या दिवसांत ते जवळजवळ दिवसभर खात असतं, आणि तुम्ही तर बेरीच्या झुडपांत तुपाचा डबा उघडा ठेवला होता. डोळ्यांचं त्यांनी सांगितलेलं मला फार आवडलं. दिव्यात डोळे चमकायला आत प्रकाश परतवणारा पडदा लागतो. अस्वलाला तो असतो, हरणाला असतो, मांजराला असतो. गोरिला, चिंपांझी आणि आपल्याला नसतो. म्हणजे एक्स्पर्टच्या म्हणण्याप्रमाणे तो वानरकुळातला असेल, तर डोळे तसे चमकायलाच नकोत. तो सांगायचा त्या तीस वर्षांच्या अनुभवात त्याला हे कुणी सांगितलं नसावं.

मंदारला अस्वल अजूनही शंभर टक्के पटलेलं नाही. मीही आता वाद घालत नाही, कारण झोप लागायला ते पटायची गरज पडली नाही. तो राज्याचं लायसन असलेल्या एका थेरपिस्टकडे जाऊ लागला. लायसन खरं आहे का ते राज्याच्या बोर्डाच्या साइटवर नाव टाकून बघता येतं. त्या बाईंनी पहिल्या भेटीत 'ते काय होतं' हे विचारलंच नाही. झोपताना काय होतं, छातीत धडधड कधी होते, काय काय टाळतोस, एवढंच विचारलं. बिगफूटचे व्हिडिओ बंद करायला लावले. मग पायरी पायरीने: आधी प्राजक्ताबरोबर अंधारात कचऱ्याच्या डब्यापर्यंत, मग एकट्याने, मग दिवसा गावाजवळच्या ट्रेलवर. उन्हाळ्यात तो पुन्हा तंबूत झोपला, खाण्याचं सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात कुलूपबंद करून. मधे एकदा घुबडाच्या ओरडण्याने उठला, मला मेसेज केला आणि परत झोपला.

पैशांपैकी कार्डने दिलेले बाराशे परत मिळाले. बाराशेची चाचणी झालीच नाही असा दावा कार्डवाल्यांकडे टाकला, आणि टपालपेटीच्या दुकानाचा फोटो जोडला. थेट ट्रान्सफर केलेले गेले. बँक म्हणते तुम्ही स्वतः पाठवलेत. ओरेगनच्या न्याय विभागाकडे ग्राहक तक्रार दिली आहे, ती फॉर्म भरून फुकट देता येते. वॉशिंग्टनमध्ये राहत असाल तर तिथल्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ऑफिसात द्या. तुमच्याकडे असे कुणी पैसे मागत असतील तर सगळे मेसेज, पावत्या, सही केलेले कागद आणि तो पहिला, घाबरलेला मेसेज जपून ठेवा. आमच्यासारखंच कुणाबरोबर झालं असेल तर मला कळवा. तक्रारीला अजून दोन-तीन नावं जोडली गेली तर ती पुढे सरकण्याची शक्यता वाढते, असं तिथल्या माणसाने फोनवर सांगितलं.