‘रुपयात की पाउंडात?’ लंडनमध्ये चार महिने कार्ड टेकवल्यावर

लेकीकडे चार महिने राहून सोलापूरला परतलो आणि बँकेचं स्टेटमेंट उघडून बसलो, म्हणून हे लिहितोय. नाहीतर मी निव्वळ कौतुकच लिहिणार होतो.

सुरुवात वाईटच झाली. निघण्याआधी ॲपमध्ये डेबिट कार्डाचा ‘आंतरराष्ट्रीय वापर’ चालू केला आणि निर्धास्त झालो. ‘कॉन्टॅक्टलेस’चं, म्हणजे कार्ड नुसतं टेकवून पैसे देण्याचं, बटण वेगळं असतं, हे पहिल्याच बसमध्ये कळलं. मशीन लाल. खिशात दहा पाउंडाची करकरीत नोट होती, पण तिथल्या बसमध्ये २०१४ पासून रोख घेतच नाहीत. मागं रांग, आणि त्या थंडीत मला घाम. शेवटी लेकीनं स्वतःसाठी फोन टेकवला, माझ्यासाठी तिचं कार्ड. मशीनच्या लेखी ती दोन माणसं!

बटण चालू केल्यावर मात्र मजा आली. बसचं भाडं पावणेदोन पाउंड, पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बस बदला, तेवढंच. दिवसभर हिंडलो तरी बसचे सव्वापाच पाउंडांच्या वर कापत नाहीत. सुटे नाहीत म्हणून कंडक्टर तिकिटामागं बाकी लिहून देतो आणि आपण विसरून उतरतो, असल्या हिशेबात वाढलेला मी. मला हे फारच आवडलं. भुयारी रेल्वेत उतरतानाही कार्ड टेकवावं लागतं. एकदा विसरलो, दंड बसल्यासारखं भाडं गेलं. असो.

आता खरं दुखणं. एका दुकानात बायकोसाठी लोकरी शाल घेतली. (सोलापूरच्या माणसानं परदेशात पांघरूण विकत घ्यावं, ही पहिली चूक.) कार्ड टेकवल्यावर मशीननं विचारलं, रुपयात की पाउंडात? परमुलखात रुपयाचं चिन्ह दिसलं की गाववाला भेटल्यासारखं वाटतं. दाबलं रुपयात. तिथंच फसलो. रुपये निवडले की दर आपल्या कार्डाचा राहत नाही, मशीनवाल्यांचा लागतो, आणि त्यात त्यांचा नफा आधीच धरलेला असतो. त्याच दिवशीचा किराणा पाउंडात घेतला होता, म्हणून दोन्ही ओळी शेजारी ठेवून पाहिल्या. शालीला पाउंडामागं सहा-सात रुपये जास्त!

बँकेत गेलो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “काका, बटण तुम्हीच दाबलं ना?” खरंच होतं, म्हणून जास्त राग आला. पाउंडात दिलं तरी आमची बँक साडेतीन टक्के घेते, वर त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. दहा हजाराला ४१३ रुपये. आधी ही लूट वाटायची. शालीनंतर ४१३ स्वस्त वाटायला लागले.

ती दहाची नोट अजून कपाटात आहे. शालही तिथंच. बायको म्हणते, सोलापुरात थंडी पडते कुठं?