दहा महिने कॅम्पिंग ट्रेलरसोबत: चाळीसगावहून संगरूर आणि अंकोला

आमचा मळा चाळीसगाव तालुक्यात, राष्ट्रीय महामार्ग ५२ पासून हाकेच्या अंतरावर. पूर्वी याला २११ म्हणायचे. निवृत्तीआधीची काही वर्षं मी शाळेत मुलांना नकाशावर बोट फिरवून दाखवायचे: हा आपला रस्ता वर पंजाबात संगरूरपर्यंत जातो आणि खाली कर्नाटकात अंकोल्याला, समुद्राजवळ संपतो. सुमारे २,३०० किलोमीटर. दोन्ही टोकं मी पाहिलेली नव्हती. मागच्या दिवाळीनंतर आम्ही दोघांनी ट्रेलर घेतला तो यासाठीच.

ट्रेलर दोन माणसांचा, एका आसाचा, रिकामा ६२० किलो. पुढे पलंग, मागे ओटा आणि ओट्याखाली ७० लिटरची पाण्याची टाकी. छतावर २०० वॅटचं सोलर पॅनल, आत १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि ४० लिटरचा फ्रीज. ओढायला आमची जुनी डिझेल गाडी. ट्रेलरला स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो, त्यासाठी चार हेलपाटे झाले. नोंदणीची कागदं विक्रेत्याकडून आधीच पूर्ण करून घ्या, एवढंच सांगते.

पहिले दोन महिने तो कुठेच गेला नाही. शेतीची लाईट रात्रीची, त्यामुळे गव्हाला पाणी भरायला हे मळ्यात मुक्कामी असायचे. आधी पत्र्याच्या खोपीत कुडकुडत बसायचे, यंदा ट्रेलरमध्ये गोधडी घेऊन. मोटार सुरू झाली की उठायचं, बारं बदलायचं म्हणजे पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं, परत येऊन पडायचं. नुसत्या एवढ्यासाठीही तो मला आवडला असता.

या काळात रिव्हर्सचा सराव केला. सुट्टीच्या दिवशी बाजार समितीचं आवार रिकामं असतं, तिथे तीन रविवार घालवले. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो, हे डोक्याला कळतं पण हाताला कळत नाही. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा आणि ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडेच हात सरकवायचा. ही युक्ती सापडल्यावर यांना जमलं. मी मागे उभी राहून डावं-उजवं सांगायचे, त्यात दोघांचा गोंधळ व्हायचा. मग ट्रकवाल्यांसारखं ‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘क्लीनर साइड’ सुरू केलं. तेव्हापासून एकदाही आवाज चढला नाही.

फेब्रुवारीत निघालो. जानेवारीत हरियाणा-पंजाबात दाट धुकं असतं, म्हणून थांबलो होतो. सासूबाई अंगणात येऊन अहिराणीत म्हणाल्या, “घर लिसन कोठे चालनात?” (घर घेऊन कुठे निघालात?)

धुळं ओलांडल्यावर उतारावर ताशी ८० चा वेग असताना शेजारून मोठा ट्रक गेला आणि ट्रेलर मागे शेपटीसारखा हलायला लागला. गाडीचं मागचं टोकही त्याच्यासोबत ओढलं जात होतं. यांनी ब्रेक मारला नाही, फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, म्हणून वाचलो. नरडाण्याजवळ एका जिनिंगवर वजनकाटा दिसला. तिथल्या लोकांनी कौतुकाने ट्रेलर वजन करून दिला: ७८० किलो. मग ट्रेलर सोडून त्याचं पुढचं नाक कापसाच्या छोट्या काट्यावर टेकवलं, तर जेमतेम ३५ किलो. ट्रेलर असा हलू नये म्हणून हुकवर, म्हणजे तो गाडीला जिथे अडकतो तिथे, एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हवा. भरलेली टाकी, पिठाचे डबे, सिलिंडर, सगळं आम्ही आसाच्या मागे ठेवलं होतं.

तिथेच सामान बाहेर काढून पुन्हा भरलं. टाकी रिकामी केली, ती मुक्कामावर पोहोचल्यावरच भरायची. वीस लिटरचा एक कॅन, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणि हत्यारांची पेटी आसाच्या पुढे. नाक ८० किलोवर आलं. त्यानंतर आम्ही ७० च्या वर गेलो नाही आणि तो हेलकावा परत कधीच आला नाही. ट्रेलर घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी हे वजन करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी चूक कोट्याला पोहोचेपर्यंत कळली. आम्ही रोज नवीन गाव धरत होतो. संध्याकाळी पोहोचून ट्रेलर समतल करायचा, चाकांना ठोकळे, चार कोपऱ्यांचे टेकू, पाणी, गॅस. सकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने. दोन्ही वेळचं मिळून दीड तास. चौथ्या दिवशी मी पलंगावर बसून रडले. हे म्हणाले, “अगं, आपल्याला कुठे हजेरी लावायची आहे?” बुंदीला दोन रात्री थांबलो. ट्रेलर एका ढाब्यामागे उभा करून नुसती गाडी घेऊन गावात गेलो, १६९९ मध्ये बांधलेली राणीजी की बावडी निवांत पाहिली. त्या गल्ल्यांत ट्रेलर शिरलाच नसता. पुढे दिवसाला २०० किलोमीटर आणि प्रत्येक ठिकाणी दोन रात्री, असंच ठरवलं. रोज धावायचं असेल त्यांनी लॉजवर राहावं, ते स्वस्त पडतं.

चुरूला रात्री कडाक्याची थंडी होती. सगळं बंद करून झोपलो, तर सकाळी खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ. आपल्याच श्वासाची वाफ. तेव्हापासून छताची झडप दोन बोटं उघडी ठेवतो, आणि झडप बंद असताना आत गॅस कधीच पेटवत नाही. बॅटरीवर फ्रीज, दिवे, पंखा, मोबाईल सगळं निभावतं. एसी मात्र नाही: साधारण ९०० वॅट खाणारा एसी ही बॅटरी दीड तासाच्या आत रिकामी करेल. मे महिन्यात आमच्याकडे ४४-४५ अंश असताना दुपारी ट्रेलरमध्ये पाय ठेववत नव्हता.

संगरूरहून परतल्यावर गहू काढून घेतला आणि दक्षिणेला निघालो. कन्नडचा घाट पहाटे चढलो. विजापूरला १६५६ मध्ये पूर्ण झालेला गोलघुमट पाहिला, पण मला जास्त आठवते ती शेजारच्या शेतातली बाई. तिने जोळद रोट्टी दिली, मी तिला कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला. ज्वारी दोघींची. तिची रोट्टी पापडासारखी पातळ, माझी भाकरी उडदामुळे जाड आणि काळसर. भाषा एकमेकींची येत नव्हती, तरी तिने पीठ चिमटीत घेऊन त्यातला उडीद ओळखला.

यल्लापूरनंतर अरबैल घाट उतरताना काळजी घ्यावी लागली. आमच्या ट्रेलरचा ब्रेक हुकवर मागून दाब आला की लागतो, म्हणजे लांब उतारावर तो सतत लागून राहतो. दुसऱ्या गिअरमध्ये उतरत दोनदा थांबलो. चाकाचा हब हात लावू देत नव्हता. खाली अंकोल्याला संध्याकाळी समुद्र दिसला तेव्हा मला माझा वर्ग आठवला, नकाशावरचं ते टोक आठवलं. हे काही बोलले नाहीत, नुसते हात धरून उभे राहिले.

खर्चाचं सांगायचं तर गाडी एरवी लिटरला १४ देते, ट्रेलरसह साडेनऊ.

तक्रार एकच, पण मोठी. जुलैत छताच्या खिडकीच्या रबरातून पाणी झिरपलं आणि गादी भिजली. उन्हाने रबर तडकलं होतं. बनवणाऱ्यांनी कुरिअरने सीलंटची एक नळी पाठवली आणि फोन घेणं बंद केलं. शेवटी धुळ्याला ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या गॅरेजात जाड रबर बसवून घेतलं, त्यानंतर एक थेंब आला नाही. उन्हाळ्यात ट्रेलर सावलीत ठेवा, किमान ताडपत्री तरी टाका.

आता पुन्हा गव्हाचे दिवस येतील आणि ट्रेलर मळ्यात जाईल. त्याआधी बेअरिंगमध्ये नवीन ग्रीस भरायचं आहे आणि मागचा क्लीनर साइडचा टेकू बदलायचा आहे. तो अंकोल्याच्या वाळूत वाकला.