८६ च्या बुलेटला नवं इंजिन किट: आठ महिने आणि एक करवंटी

गाडीची ओळख करून देत बसत नाही. कास्ट आयर्न ३५०, म्हणजे बिडाच्या इंजिनाची जुनी बुलेट, ज्याच्याकडे आहे त्याला सगळं पाठ असतं, आणि ज्याच्याकडे नाही त्याने हे वाचून ती विकत घ्यायला तर अजिबात जाऊ नये. १९८६ चं मॉडेल, काकांचं. टाकीवर नुसतं ‘एन्फील्ड’. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक, त्यामुळे गावात कोणी उसनी मागत नाही. हा मोठाच फायदा.

गौरी आणायच्या दिवशी निवळी घाटात तिने मान टाकली. आधी निळा धूर, मग दुसऱ्या गिअरलाही ओढेना. टेम्पोत घालून घरी आणली. मिस्त्रींनी हेड उतरवलं तर एक रिंग तुटलेली, बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, नखाला लागेल अशी रेघ, एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं गाइड ढिलं. आधीचा पिस्टन वीस साइजचा होता.

“चाळीस आणा,” मिस्त्री म्हणाले. “आणि कास्टचाच आणा. नाहीतर आणाल कायतरी.”

मी कायतरीच आणलं. ऑनलाइन ‘बुलेट ३५०, ३४६ सीसी, ओव्हरसाइज’ असं लिहिलेलं दिसलं, स्वस्त होता, मागवला. आला तो यूसीई इंजिनाचा, म्हणजे नंतरच्या बुलेटचा. यातली गोम आधी कोणी सांगितली असती तर माझे १,३५० रुपये वाचले असते. जुनं कास्ट इंजिन ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक. नंतरचं यूसीईसुद्धा ७० आणि ९०. दोन्ही ३४६ सीसी. म्हणजे कागदावर जुळी भावंडं. पण यूसीईचं कॉम्प्रेशन साडेआठास एक, जुन्याचं त्याच्या बरंच खाली, आणि दोन्ही पिस्टन शेजारी ठेवले की डोक्याचा आकार वेगळा आहे हे आमच्या आईलाही दिसलं. मधल्या काळातलं ॲल्युमिनियमचं लीन बर्न इंजिन हे आणखी तिसरंच प्रकरण. तेव्हा सीसी बघून पार्ट मागवू नका. इंजिन कुठलं ते सांगा, आणि जुना पार्ट हातात धरून फोटो पाठवा. विक्रेत्याने उघडलेलं खोकं परत घेतलं नाही. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

साइजबद्दल एक. कास्ट बुलेटचे पिस्टन इंचाच्या हजारांशात मोजतात, इंग्रजांच्या वेळेची खोड. १९५५ च्या सुमारास मद्रासला या गाड्या जुळवायला सुरुवात झाली ती इंग्लंडातल्या रेडिचच्या कारखान्यातून आलेल्या सुट्या भागांपासून, आणि माप इंचाचं ते चिकटलं. वीस साइज म्हणजे अर्धा मिलिमीटर वाढीव, चाळीस म्हणजे एक मिलिमीटर. पॉइंट पन्नास, पॉइंट पंचाहत्तर असल्या भाषेत कोणी दुकानदार बोलला तर तो बहुधा दुसऱ्याच गाडीचं खोकं काढतोय.

दुसऱ्या खेपेला मावसभावाकरवी पुण्याहून अख्खं किट आणलं. चाळीस साइजचा पिस्टन रिंगांसह, दोन्ही व्हॉल्व्ह, गाइड, पूर्ण गॅस्केट सेट, टायमिंग कव्हरमधलं कॉर्कचं सील आणि ब्रीदरचं रबर. ४,२०० रुपये. बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही. रत्नागिरीत बोअरिंग करून मिळतं, पण मिस्त्रींचा विश्वास कोल्हापूरवर. म्हणून बॅरल, म्हणजे सिलिंडर, पोत्यात घालून, पिस्टन टॉवेलात गुंडाळून, एसटीने आंबा घाटातून उद्यमनगर. बिडाचं बॅरल किती जड असतं ते साखरप्याला गाडी बदलताना कळलं. पिस्टन हातात आल्याशिवाय बॅरल कापायला देऊ नका. बोअर पिस्टनच्या मापाने होतो, खोक्यावरच्या आकड्याने नाही. तिथल्या माणसाने पिस्टन मायक्रोमीटरने मोजला, चार थाऊ (इंचाचे चार हजारांश) गॅप ठेवला आणि एवढंच म्हणाला, “बीड कमी फुगतंय, पिस्टन जास्त फुगतोय. घाई केलीसा तर धरंल.”

घाई केली नाही. पहिले आठशे किलोमीटर पन्नासच्या आत. आरे-वारेच्या रस्त्याला त्याचं कोणाला दुःख होत नाही. दोनदा हेड पुन्हा टाइट केलं, टॅपेट थंड इंजिनावर लावले, पुशरॉड बोटांनी फिरेल पण वरखाली हलणार नाही इतपत. धूर गेला. आवाज इतका गोड की काकांनी पडवीतून हाक मारून विचारलं, कोण आलंय?

आणि मग गळायला लागली.

आमचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, दिवाळीनंतर केलेलं. माती घालून, चोपण्याने चोपून, शेणाने सारवलेलं. त्यावर सकाळी भाकरीएवढा काळा डाग. आईने दुसऱ्या दिवशी गाडीखाली नारळाची करवंटी ठेवली. तेव्हापासून आमच्याकडे गळतीचं माप करवंटी. नोव्हेंबरात चार रात्रींना एक, डिसेंबरात तीन रात्रींना एक, जानेवारीत दोन रात्रींना एक. बॅरलच्या बुडातून ओघळ, रॉकर कव्हरमधून ओघळ, टायमिंग कव्हरखाली ओल. बेस गॅस्केट दोनदा बदललं, एकदा तर जाड कागद कापून मिस्त्रींनी स्वतः बनवलं. शेलॅक लावला. उपयोग शून्य.

इथवरचं सगळं मी जानेवारीत लिहून ठेवलं होतं, आणि त्याखाली एक ओळ होती: ‘गॅस्केट पुठ्ठ्याच्या लायकीची, किट घेऊ नका, कोल्हापूरवाल्याने बॅरलचं तोंड वाकडं केलंय.’ ती ओळ आता मागे घेतो. गॅस्केटची आणि कोल्हापूरच्या त्या माणसाची दोघांचीही माफी.

झालं असं. शिमग्याची पालखी आमच्या खळ्यात यायची होती. आई म्हणाली, “मेल्या, देवाला काय तेलावरून नाचवतोस?” म्हणून गाडी मिस्त्रींकडे नेली, गळतीसाठी नाही, निव्वळ आठ दिवस ठेवायला. त्यांनी रिकामपणी प्रायमरी चेनकेसचं, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या डब्याचं, तेल तपासलं. मी ४२० मिली मोजून घातलं होतं. निघालं त्याच्या दीडपट.

“हिचा दम कोंडतोय,” ते म्हणाले, आणि क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या पिस्टनखालच्या पेटीतून, येणाऱ्या नळीच्या टोकाचं ते ब्रीदरचं रबर उपटलं.

या रबराबद्दल मी आता जरा सविस्तर लिहिणार आहे, कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडा. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्याखालची हवा कुठेतरी जायला हवी. ती या नळीने बाहेर जाते. टोकाला रबराची बदकाची चोच असते. आतून दाब आला की चोच उघडते, पिस्टन वर गेला की ओठ मिटतात, बाहेरची हवा आत जात नाही. त्यामुळे क्रँककेसमध्ये थोडी पोकळी राहते आणि जोडांमधून तेल बाहेर यायच्या ऐवजी आतच ओढलेलं राहतं. अख्ख्या गाडीतला एकमेव पार्ट ज्याला ना स्क्रू, ना वॉशर, ना माप. आणि कास्ट बुलेटच्या गळतीत निम्मं राजकारण याचंच.

मिस्त्रींनी चोच धुतली, तोंडात धरली आणि फुंकली. गाल फुगले. हवा जेमतेम. साच्यातून काढल्यावर ओठ चिरायचे असतात ते किटवाल्याने निम्मेच चिरले होते. बाळसं धरलेलं, चकचकीत, काळंभोर रबर, आणि तोंड शिवलेलं. म्हणजे बाहेर जायला वाट नाही म्हटल्यावर दाब मिळेल त्या फटीतून तेल ढकलत होता, काही बॅरलच्या बुडातून, काही सीलमागून चेनकेसमध्ये. आणि आम्ही पाच महिने कागद कापत बसलेलो.

जुनं रबर मी टाकलं नव्हतं. मी काहीच टाकत नाही, घरात यावरून बोलणी खातो. बिस्किटांच्या डब्यात मिळालं. कडक झालेलं, पण श्वास घेत होतं. तेच चढवलं. त्या रात्री करवंटीत तळ झाकण्याएवढंही तेल नाही.

नवं चांगलं रबर ४५ रुपयांना मिळालं. कुरिअर ९०. पंचेचाळीसच्या वस्तूला नव्वदचं कुरिअर हे मला झेपेना, म्हणून चार मागवली. आता तीन शिल्लक आहेत, पिठीसाखरेच्या डब्यासारखी हवाबंद ठेवलीत. खाऱ्या हवेत रबर किती टिकतं ते बघू. नवं बसवायच्या आधी फुंकून बघा, एवढं माझं ऐका. दुकानात, दुकानदारासमोर, लाज न बाळगता.

बाकी किटबद्दल आठ महिन्यांनी, ३,६०० किलोमीटरनंतर: पिस्टन उत्तम, तापल्यावरही ठोका नाही, आंबा घाट दोनदा चढली. व्हॉल्व्ह ठीक. गाइडला अजून धूर नाही, पण पावसाळा जाऊ दे मग बोलू. ॲव्हरेज ३३, पूर्वी २८ वर आली होती. कॉर्कचं सील मात्र टायमिंग कव्हर उघडाल तेव्हा नवंच घाला, त्यातूनच बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला, तेल जातं आणि तिथे काटकसर केली तर क्रँक निघतो. पाचपैकी मी चार दिले असते. त्या चोचीसाठी दोन कापतोय. कोणाला जास्त वाटेल. त्याने दोन महिने करवंटी उपसावी.

पालखी येऊन गेली, गाडी परत खळ्यात लागली. तीन रात्रींत तीन-चार थेंब पडतात, तरी करवंटी आईने काढलेली नाही. यूसीईचा तो पिस्टन सध्या आंब्याच्या साठांवर घातलेल्या फडक्याच्या कोपऱ्यावर ठेवलाय. दुपारचं वारं सुटलं तरी फडकं उडत नाही. दुसऱ्या कोपऱ्यासाठी अजून एक मिळेल का, असं काल आईने विचारलं.