दुसरी-तिसरीचा गणित संच : साहित्य चोख, मार्गदर्शिका घाईची

स्थानिक किंमत आणि वजाबाकी शिकवण्यासाठी घेतलेल्या या संचाच्या खोक्यावर ‘पियाजे, ब्रूनर आणि वायगॉट्स्की यांच्या सिद्धांतांवर आधारित’ असे ठळक छापले आहे. मुले कशी शिकतात याचा अभ्यास करणारे हे तीन मानसशास्त्रज्ञ. तेव्हा संचाचे परीक्षणही त्याच कसोटीवर व्हायला हवे.

साहित्याबद्दल तक्रार नाही. सुटे ठोकळे, दशकाचे दांडे आणि शतकाच्या पाट्या एकाच मापात बसतात. दहा सुटे दांड्याला लावून ठेवले की कुठेही फट राहत नाही, आणि पियाजेच्या मूर्त क्रियात्मक अवस्थेत, म्हणजे प्रत्यक्ष वस्तूंच्या आधारे तर्क करण्याच्या टप्प्यात, नुकत्याच आलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘दहा सुटे म्हणजे एक दशक’ हे स्वतः पडताळून पाहता येते. ५२ मधून २७ वजा करताना दोन सुट्यांतून सात जात नाहीत, हे कळल्यावर मूल एक दांडा पेटीत ठेवते, दहा सुटे मोजून घेते आणि उसना घेणे म्हणजे नेमके काय ते समजते. मात्र दांडा अखंड असल्यामुळे तो सुटत नाही, बदलूनच घ्यावा लागतो. म्हणून त्याआधी रबर लावलेले काड्यांचे गठ्ठे सोडवून घेतलेले बरे.

खरी अडचण मार्गदर्शिकेची आहे. कृती, चित्र आणि चिन्ह या ब्रूनरने १९६० च्या दशकात मांडलेल्या तीन पातळ्यांवरच सिंगापूरने पुढे प्राथमिक गणिताचा अभ्यासक्रम उभा केला. येथे मात्र चित्राची पायरी एका पानात उरकून तिसऱ्याच पाठात मुलाला उभ्या मांडणीपुढे बसवले आहे. ब्रूनरच्या सर्पिल अभ्यासक्रमात तोच विषय अधिक खोलीने पुन्हा यायला हवा, पण तीन अंकी वजाबाकी येथे जणू नव्यानेच अवतरते. मूल इतरांशी बोलत, त्यांच्या मदतीने शिकते असे म्हणणारे वायगॉट्स्की तर खोक्यावरच राहिले आहेत, कारण दोन मुलांनी मिळून बोलत सोडवायचा असा एकही प्रश्न नाही. उलट कार्यपत्रिकांतील बारीक पायऱ्या, लगेच तपासायचे उत्तर आणि बक्षिसाचे स्टिकर ही सारी वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या क्रमान्वित अध्ययनाची (छोट्या पायऱ्यांनी, लगेच प्रतिसाद देत शिकवण्याची) रीत आहे. ती सरावासाठी वाईट नाही, पण स्किनरचे नाव मात्र खोक्यावर नाही.

शिक्षकांनी साहित्यासाठी संच जरूर घ्यावा. पालकांनी मार्गदर्शिका बाजूला ठेवून पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने जावे, आणि ठोकळ्यांनी केलेले प्रत्येक उदाहरण अंकांत मांडण्याआधी मुलाकडून चौकटीच्या वहीत काढून घ्यावे.