खेळण्यातल्या लाकडी रेल्वेचे रूळ जागेवर ठेवण्याचे उपाय: सहा महिन्यांच्या वापरानंतर

रूळ सुटतात ते एका तुकड्याची खुंटी आणि दुसऱ्याची खाच यांतल्या ढिलाईमुळे, पण ती ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते. मोठ्या वळणाच्या आठ तुकड्यांचा गोल पूर्ण जुळतो. मध्ये फाटा किंवा पूल आला की शेवटचा सांधा दोन-तीन मिलिमीटरने हुकतो आणि तो फरक बाकीच्या सांध्यांत जिरवावा लागतो. म्हणून सगळे तुकडे पक्के करू नयेत. पुलाच्या चढ-उताराचे पायथे, फाटे आणि लांब सरळ पट्टीचा मधला तुकडा, एवढेच धरून ठेवावेत. वळणे मोकळीच बरी.

निम्मे काम खाली अंथरलेली जाळीदार रबरी मॅट करते (ड्रॉवरमध्ये घालतात ती). तिची पकड महिन्याभरात जाते, कारण जाळीत धूळ बसते. साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवली की पुन्हा पहिल्यासारखी. पॉलिश केलेल्या जमिनीवर मात्र ती कायम पसरून ठेवू नये, डाग पडतो.

टेबलावर पोस्टर चिकटवायची पुट्टी चांगली. वाटाण्याएवढ्या दोन गोळ्या, तुकड्याच्या दोन्ही टोकांपासून बोटभर आत. कोऱ्या लाकडात तिचे तेल मुरते आणि रुळाच्या पोटावर काळपट ठिपका राहतो, म्हणून आधी तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर पुट्टी. टेपही दोन आठवड्यांनी बदलावी. जुनी झाली की कागद फाटतो आणि गोंद मागे उरतो. उरलेली पुट्टी खरवडू नये, त्याच पुट्टीचा गोळा टिपत गेले की निघते. नुसती दुहेरी चिकटपट्टी टेबलाचा रंग सोलते, तिच्या वाटेला जाऊच नये.

ग्लू गनमधल्या गरम गोंदाचा थेंब सर्वांत घट्ट. सोडवताना कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडले की अर्ध्या मिनिटात सुटतो, पण त्याने लाखेचे पॉलिश उतरते. आधी टेबलाच्या खालच्या बाजूला तपासावे.

दोन रूळ कडेने पकडणाऱ्या प्लास्टिक क्लिपांनी सांधे उत्तम राहतात, तरी वेगवेगळ्या संचांची जाडी किंचित कमी-जास्त असल्याने काही जागी त्या निसटतात. निसटलेली क्लिप काय, पुट्टीची गोळी काय, तीन वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात जाण्याएवढीच असते.

मांडणी मोडताना तुकडा आधी चिकटवलेल्या जागेवरून सोडवावा, मग सांध्यातून सरळ वर उचलावा. वाकवून ओढला की खुंटी मानेपाशी तुटते.