'मिशन यूएस' : इतिहासाच्या तासाला साक्षीदार होणारी मुलं

माध्यमिक वर्गात इतिहास शिकवायला संगणकावरचा खेळ खरंच उपयोगी पडतो का, असं कुणी विचारलं की मी 'मिशन यूएस' या अमेरिकेच्या इतिहासावरच्या खेळमालिकेतल्या पहिल्या भागाचं नाव घेते: 'फॉर क्राउन ऑर कॉलनी?'. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईटी या सार्वजनिक वाहिनीने तो २०१० मध्ये आणला. तो विनामूल्य खेळता येतो.

काळ १७७०, शहर बॉस्टन, अमेरिकेतल्या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीतलं. खेळणारा होतो नॅट व्हीलर, छापखान्यात उमेदवारी करायला आलेला चौदा वर्षांचा मुलगा. नॅट काल्पनिक आहे. त्याचा मालक बेंजामिन ईड्स मात्र खरा, 'बॉस्टन गॅझेट'चा मुद्रक आणि ब्रिटिश धोरणांचा कडवा विरोधक. कामानिमित्त नॅट शहरभर हिंडतो, ब्रिटिशांच्या बाजूच्या आणि विरोधातल्या, दोन्हीकडच्या लोकांशी बोलतो. चित्रं साधी आहेत. भारी ग्राफिक्सला सरावलेली मुलं सुरुवातीला थोडी नाराज होतात, पण संवादांत लवकर अडकतात.

या खेळाचं खरं बळ ५ मार्चच्या रात्रीत आहे. ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पाच माणसं मेली. हा प्रसंग खेळ सगळ्यांना सारखा दाखवत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला त्या रात्रीचे वेगवेगळे तुकडे येतात आणि पुढे नॅटला जबानी द्यावी लागते. मी इथेच खेळ थांबवते. शेजारी बसलेल्या दोघांच्या जबान्या जुळत नाहीत. "तू हे कुठं पाहिलंस? मला तर दिसलंच नाही!" असा गलका सुरू होतो. इतिहासाची साधनं एकमेकांशी का भांडतात, हे मी फळ्यावर कितीही समजावलं तरी इतकं पोचत नाही.

मग बॉस्टनचाच कारागीर पॉल रिव्हिअर याने त्या घटनेचं केलेलं प्रसिद्ध चित्र दाखवते. त्यात सैनिक एका रांगेत उभे राहून गोळ्या झाडतायत आणि मागे त्यांचा अधिकारी कॅप्टन प्रेस्टन तलवार उगारून हुकूम देतोय. "मॅडम, हे आम्ही पाहिलं तसं नाहीये," मुलं लगेच म्हणतात. त्यानंतर खटला सांगायचा: प्रेस्टन आणि सैनिकांचं वकीलपत्र पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्सने घेतलं, प्रेस्टन सुटला, आठ सैनिकांपैकी सहा निर्दोष ठरले, दोघांवर सदोष मनुष्यवधाचा ठपका आला. हुकूम कुणी दिला यावर तेव्हाच्या साक्षीदारांचंही एकमत नव्हतं, हे ऐकताना वर्ग अगदी लक्ष देऊन बसतो.

उणीवही आहे. खेळात वाचन भरपूर आणि तेही इंग्रजीत, त्यामुळे कच्चं इंग्रजी असलेली मुलं मागे पडतात. मी दोघा-दोघांना एका संगणकावर बसवते, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने उत्तर निवडायचं. या खेळातले सगळे टप्पे एका दमात उरकायला देऊ नका. तास कमी असतील तर बाकीचं घरी खेळू द्या, पण ५ मार्चची रात्र आणि जबानी वर्गातच घ्या, आणि चर्चेसाठी अख्खा एक तास राखून ठेवा.