प्राथमिक उपचार केंद्रातील नोकरी: एका परिचारिकेचा अभिप्राय

सोलापूरच्या पूर्व भागात एका खासगी कंपनीच्या प्राथमिक उपचार केंद्रात परिचारिका म्हणून काम करताना जमेची बाजू वाटते ती शिकायला मिळण्याची. मधुमेही रुग्णाच्या तळपायाला नायलॉनचा बारीक धागा टेकवून संवेदना तपासणे, मागील सुमारे 3 महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीएवनसी चाचणीचा पाठपुरावा करणे, ही कामे येथे परिचारिकेकडेच सोपवली जातात. विड्या वळणाऱ्या बायकांशी तेलुगूत बोलता येणे संगणकावरील नोंदींपेक्षा अधिक उपयोगी पडते, हे प्रशिक्षणात कोणी सांगत नाही. पगार वेळेवर होतो. बढतीचे निकष मात्र संदिग्ध असून डॉक्टर नसलेल्यांची वाट केंद्र व्यवस्थापकाच्या पदापाशीच संपते. त्यामुळे अनुभवासाठी जरूर यावे, परंतु पुढचा हिशेब रुजू होण्यापूर्वीच लेखी मागून घ्यावा.